सरधन्याला कोण आहे

सासूबाई खोटं बोलतात हे लुंबिनीला कळलं ते लेकीच्या एका फोनमुळे.

श्रावस्ती दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहायची. विद्यापीठ तिथून जवळ, आणि फरीदाबादहून रोजची ये-जा नको म्हणून तिनं तो हट्टच धरला होता. नातीला घरचं खायला मिळावं म्हणून कमलाबाई दर शनिवारी सकाळी डबा भरून निघत आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत येत. सत्तरीच्या बाईनं एकटीनं मेट्रोनं जावं याचं सोसायटीत कौतुक होतं. लुंबिनीलाही होतं. आणि त्या दिवशी श्रावस्ती फोनवर म्हणाली, "मम्मा, आजीला म्हण ना एकदा तरी ये यार. दिवाळीनंतर आलीच नाही ती."

तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता.

लुंबिनी "अच्छा, सांगते" एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि समोर बसलेल्या कमलाबाईंकडे पाहिलं. त्या वाटाणे सोलत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत लुंबिनीनं त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

लुंबिनी रामटेके कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कार्यालयात दक्षता विभागात होती. दिवसभर तक्रारी वाचायच्या, कोण कुणाला पाठीशी घालतंय ते शोधायचं, हेच तिचं काम. अर्धं उत्तर हाती असल्याशिवाय माणसाला प्रश्न विचारायचा नाही ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. म्हणून तिनं सासूबाईंना काही विचारलं नाही. ती नुसती बघायला लागली.

आणि बघायला लागल्यावर काय काय दिसलं! शनिवारच्या लुगड्याच्या पदरावर मेणाचे थेंब होते. ती ते नखानं खरवडून पाहायची, वास घ्यायची. कमलाबाईंचा डबा दोघांना पुरेल एवढा असायचा. मुनिरक्याला जाताना कोण एवढ्या भाकऱ्या नेतं? श्रावस्ती तर भाकरीला हातही लावत नसे. शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा, आणि तो घेऊन कमलाबाई बाल्कनीत जायच्या. दार लोटून घ्यायच्या. एकदा कपडे वाळत घालायच्या निमित्तानं लुंबिनी मागोमाग गेली, तेव्हा पलीकडून पुरुषाचा आवाज आला. नीट कळलं नाही, पण कमलाबाई म्हणाल्या ते कळलं: "हो हो, सरधन्याला पोचेपर्यंत बारा वाजतील." लुंबिनीला पाहिलं आणि लगेच सूर बदलला. "चलो, रखती हूँ."

सरधना. लुंबिनीनं रात्रीच्या जेवणाआधीच शोधून काढलं. मेरठच्या पलीकडे गाव. तिथं दोनशे वर्षांपूर्वी एका बेगमेनं बांधलेलं कॅथलिक चर्च, त्याला आता पोपनं दिलेला बॅसिलिकेचा मान. मेरीमातेची तसबीर, नोव्हेंबरात मोठी जत्रा, मेणबत्त्या, नवस.

मेणबत्त्या.

तिनं मान वर केली. हॉलच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते. कमलाबाई नेहमी सांगायच्या, की छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं, तरी आठवतंय असंच त्या सांगायच्या. संघपाल, लुंबिनीचा नवरा, दर जयंतीला फरीदाबादच्या मंडळात भाषण करायचा, आणि त्यात ही कडेवरची गोष्ट हमखास असायची. आणि आता तीच बाई चोरून चर्चमध्ये जात होती?

संघपालला सांगावं का? तिनं एकदा आडून विचारलं. "आई कुठल्या वेगळ्याच नादाला तर लागल्या नसतील ना?"

"आई?" संघपाल हसला. "काहीतरीच. आई नवस-सायास करणाऱ्यांची टिंगल करते बिल्कुल तोंडावर."

तो हसला म्हणून लुंबिनीचा संशय कमी झाला नाही, वाढला. म्हातारी माणसं एकटी असतात. त्यांना गोड बोलणारं कुणी भेटलं की ती वितळतात. अशा तक्रारी तिच्या टेबलावर ढिगानं यायच्या. त्या पुरुषाचा आवाज तिच्या कानात राहिला होता.

पुढच्या शनिवारी तिनं तोंडाला मास्क लावला, ओढणी डोक्यावरून घेतली आणि कमलाबाईंच्या मागून निघाली.

कमलाबाई मेट्रोनं मंडी हाऊसपर्यंत गेल्या, तिथं उतरून दुसऱ्या लाइनवर. कुठं अडखळल्या नाहीत, कुणाला विचारलं नाही. न्यू अशोक नगरहून मेरठच्या नव्या जलद गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या आणि डोळे मिटून घेतले. लुंबिनी त्याच डब्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. स्वतःच्या सासूचा पाठलाग करतोय याची तिला लाज वाटत होती, आणि आता मागे फिरणं शक्य नाही हेही कळत होतं.

मेरठ साउथ स्टेशनबाहेर एक माणूस थांबला होता. पन्नाशी ओलांडलेला, दाढी पांढुरकी, अंगावर जुनं स्वेटर. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्यानं पुढं होऊन कमलाबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसऱ्या हातानं त्यांचं कोपर धरलं. कमलाबाईंनी पिशवी दिली. लुंबिनीला तेच खटकलं. ती पिशवी त्या घरात कुणाच्या हाती देत नसत, संघपालच्यासुद्धा नाही.

दोघं एका पांढऱ्या व्हॅनमध्ये बसले. लुंबिनीनं टॅक्सी पकडली.

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळांचा गोड जळका वास. सरधन्याच्या अरुंद बाजारात टॅक्सी अडकली आणि व्हॅन दिसेनाशी झाली. पण आता चुकण्यासारखं काही नव्हतं. घरांच्या वर दोन उंच टोकदार मनोरे दिसत होते.

फाटकाच्या आत पाऊल टाकल्यावर लुंबिनी क्षणभर आपण कशाला आलोय ते विसरली. समोर लांब ओसरी, पांढरे जाडजूड खांब, वर घुमट. बागेत माणसंच माणसं. बुरख्यातल्या बायका सेल्फी घेत होत्या, एक शीख कुटुंब पायऱ्यांवर संत्री सोलत बसलं होतं, नव्यानं लग्न झालेली एक मुलगी हातभर चुडा घालून नवऱ्यामागं चालली होती. आत संगमरवरी वेदीवर रंगीत दगडांची फुलं जडवलेली. एका बाजूला बेगमेचं उंच स्मारक, आणि मेरीमातेच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे असलेले लोक. लुंबिनीनं एकेक पाठमोरी बाई निरखली. कमलाबाई नव्हत्या.

दाराशी चपलांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईला तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. "इन्हें देखा है?"

बाई हसली. "ये तो मम्मी हैं।"

"किसकी मम्मी?"

"मोमबत्ती वाले सैमुअल की। उधर, गेट के बाहर।"

म्हणजे प्रकरण इथवर पोचलं होतं. दिल्लीहून येणारी एकटी म्हातारी, आणि तिचा कुणी सॅम्युएल मुलगा होऊन बसलेला.

ती बाहेर आली. फाटकासमोर मेणबत्त्या, माळा, तसबिरी विकणारी दुकानं ओळीनं होती. ती सरळ तिथं गेली नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि चहावाल्याला विचारायला लागली, जशी ती कार्यालयात विचारायची, सहज सहज. हा सॅम्युएल कोण, कुठला, किती वर्षं आहे, घरी कोण. ही म्हातारी कधीपासून येते. कोण आणतं तिला. आत नेतो का, प्रार्थनेला बसवतो का.

चहावाला म्हणाला, बाहेरचाच आहे, पण फार वर्षांपूर्वी आलेला. बायको मर्सी म्हणून नर्स होती, कोरोनात गेली. मूलबाळ नाही. "अम्मा तो पिछले साल से आती हैं। क्यों, कोई बात है?"

"कुछ नहीं," लुंबिनी म्हणाली. "हमारे घर की हैं।"

बाकावर दोन जण बसले होते. एकानं पांढरे बूट घातलेले, दुसरा मोबाइलमध्ये डोकं घालून. लुंबिनीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांचं होतं.

दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि पुढं फळी. आत जमिनीवर पोतं अंथरून कमलाबाई बसल्या होत्या आणि मेणबत्त्यांच्या जुड्या बांधत होत्या. पदरावर मेण. गळ्यात नेहमीचं बाबासाहेबांचं लॉकेट. शेजारी डबा उघडा होता, भाकरी आणि ठेचा. तो माणूस अर्धी भाकरी हातात घेऊन उकिडवा बसून जेवत होता.

कमलाबाईंनी वर पाहिलं. दचकल्या नाहीत.

"आलीस? मला वाटलं होतं, आधीच येशील. तुझ्या ऑफिसात कामं अशीच सावकाश चालतात का?"

"आई, हे काय चाललंय?"

"बस आधी. हा समाधान. संघपालचा मोठा भाऊ."

माणूस उठला. भाकरी डब्यात ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "जय भीम." गळ्यातला क्रूस स्वेटरवर लोंबत होता.

समाधान हे नाव लुंबिनीला माहीत होतं. लग्न झालं तेव्हा तिला सांगितलं होतं की एक मोठा भाऊ होता, घर सोडून गेला, पुढे पत्ता लागला नाही. अल्बममध्ये त्याचा एकच फोटो होता. काडीसारखा पोरगा, मोठी कॉलर, डोळे अर्धवट मिटलेले. त्या फोटोतला कुणीही या माणसासारखा दिसला असता, किंवा दिसला नसता.

"आई, तुम्हाला हे कुठं भेटले?"

मग कमलाबाईंनी सांगितलं. गेल्या वर्षी सोसायटीतल्या म्हाताऱ्यांची सहल आली होती इथं. सगळ्या बायका मेणबत्त्या घेत होत्या म्हणून त्याही फळीशी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या नागपुरी हिंदीत दुकानदाराला म्हणाल्या की या वाकड्या कशा काय हो. दुकानदार पाठमोरा होता. तो वळला आणि म्हणाला, "आई."

"बस, एवढंच," कमलाबाई म्हणाल्या. "मी तिथंच खाली बसले. बायकांना वाटलं ऊन लागलं."

"आणि घरी एक शब्द नाही?"

"घरी काय सांगू? हा का गेला, तेच तुला कुठं माहीत आहे? त्यानं मर्सीशी लग्न केलं, तिचा धर्म घेतला. याचे वडील चळवळीतले. भर मोहल्ल्यात म्हणाले, माझा हा मुलगा मेला. संघपाल तेव्हा कॉलेजात होता, वडिलांच्या मागं उभा होता. आता तो अगदी वडिलांसारखाच बोलतो. ते शब्द मला परत ऐकायचे नव्हते."

गोष्ट नीट जुळत होती. लुंबिनीला नेमकं तेच नको होतं. तिच्या अनुभवात खऱ्या गोष्टी अशा जुळत नसत. मोतीबिंदू झालेली आई, हरवलेला मुलगा, आणि समोर एक एकटा विधुर. कमलाबाईंना बोलायची किती हौस! पहिल्या भेटीतच नावं, गावं, भांडणं, सगळं स्वतःच सांगून टाकलं असणार.

"संघपालच्या कपाळावर खूण आहे," ती त्या माणसाला म्हणाली. "कशाची?"

"विहिरीच्या रहाटाची. मी सोडला, तो वाकला होता."

"हे आईंनी सांगितलं असेल."

"असेल," तो म्हणाला. चिडला नाही. "मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही हो. मला घरीही यायचं नाही. आई येते, जेवते, जाते. तेवढं पुरे आहे मला."

काही मागत नाही. लुंबिनीला वाटलं, मुरलेला माणूस आहे. पहिल्यांदा कुणीच काही मागत नसतं.

"आई, तुम्ही आत जाता?" तिनं विचारलं. "चर्चमध्ये?"

"एकदा गेले. बघायला नको? सुंदर आहे. गार वाटलं. थोडा वेळ बसले आणि आले. हात नाही जोडले, काळजी करू नकोस. त्या तसबिरीतल्या बाईनं पोराला मांडीवर घेतलंय, तेवढं बघितलं."

लुंबिनी पुढं काही बोलणार तेवढ्यात फळीसमोर सावली पडली.

टपरीवरचे दोघं होते. आता त्यांच्याबरोबर आणखी एक जण. मोबाइलवाल्यानं मोबाइल उभा धरला होता, छातीच्या उंचीवर. पांढऱ्या बुटांवाला फळीवर हात टेकून वाकला आणि अगदी आदरानं म्हणाला, "अम्मा जी, घबराइए मत। आपको यहाँ कौन लाता है?"

"मेट्रो लाती है," कमलाबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. "ये आपको अंदर ले जाता है? प्रार्थना में बैठाता है?" मग समाधानकडे वळून, "क्यों भाई सैमुअल, असली नाम क्या है तेरा? घर में कौन है?"

ते लुंबिनीचेच प्रश्न होते. तिच्याच क्रमानं. थोड्या वेळापूर्वी चहाच्या ग्लासावरून तिनं जे जे विचारलं होतं ते सगळं या माणसानं उचलून आणलं होतं, आणि त्याच्या तोंडी ते वेगळंच काहीतरी झालं होतं.

समाधानच्या हातात मेणबत्त्यांची अर्धवट बांधलेली जुडी होती. ती तो तशीच धरून उभा होता, नजर खाली. घाबरलेला माणूस धावतो किंवा ओरडतो. हा दोन्ही करत नव्हता. असं उभं राहायची त्याला सवय असावी. आजूबाजूच्या दुकानदारांनी आपापल्या मालाकडे माना वळवल्या होत्या.

"मैडम," पांढऱ्या बुटांवाला लुंबिनीकडे वळला, "आप घर की हैं, आपने ही बताया। आप बस दो लाइन लिखकर दे दीजिए कि माता जी को बहलाकर लाया जाता है। बाकी हम देख लेंगे। आप जैसे पढ़े-लिखे लोग आगे आएँ तो ही काम होता है।"

मोबाइल तिच्या चेहऱ्याकडे वळला.

दोन ओळी. सकाळी घरून निघाली तेव्हा तिच्या मनात याच दोन ओळी होत्या. एका तासापूर्वीपर्यंत होत्या. खरं तर आत्ताही होत्या, कारण हा माणूस समाधान आहे असं तिला अजूनही वाटत नव्हतं.

"क्या देना है लिखकर?" ती म्हणाली. "ये मेरे जेठ हैं। मेरे पति के सगे बड़े भाई। और ये इनकी माँ हैं। माँ बेटे से मिलने आती है, इसमें आपको क्या देखना है?"

"पर अभी तो आप चाय पर..."

"पहली बार आई हूँ। दुकान ढूँढ रही थी।"

"जेठ हैं तो नाम सैमुअल कैसे?"

"वो हमारे घर की बात है। अब आप अपना नाम बताइए।" तिनं पर्समधून कार्यालयाचं ओळखपत्र काढलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा मोबाइल त्याच्यासमोर धरला. "विजिलेंस में हूँ। पूरा नाम, पिता का नाम, और आप किसकी तरफ़ से पूछताछ कर रहे हैं।"

ओळखपत्र नीट वाचलं असतं तर तिचा इथं काडीचाही अधिकार नाही हे त्याला कळलं असतं. त्यानं वाचलं नाही. तिसरा माणूस आधी बाजूला झाला. मोबाइलवाल्यानं मोबाइल खिशात घातला. पांढऱ्या बुटांवाला फळीवरची एक मेणबत्ती उचलून परत ठेवत म्हणाला, "ठीक है मैडम। आते-जाते रहिए। हम भी यहीं हैं।"

ते गेल्यावर समाधाननं माठातलं पाणी तिला दिलं. तिनं ते घटाघट पिऊन टाकलं. ते तिघं परत येतील, किंवा ती नसताना येतील, हे तिला दिसत होतं, आणि त्यांना इथवर आपणच आणलं हेही.

परतीच्या गाडीत कमलाबाईंनी तिचा हात धरून ठेवला. "संघपालला तूच सांग," म्हणाल्या. "मी मध्ये मध्ये बोलेन."

संघपालनं सगळं ऐकून घेतलं. मग तो भडकला. इतके महिने खोटं बोललीस, माझ्या घरात राहून, माझ्या मुलीचं नाव पुढं करून. आणि तो कशावरून तोच? तुझ्या डोळ्यांना समोरचा माणूस धड दिसत नाही. "आणि तोच असला तर? बाबांना काय वाटलं असतं?"

"बाबांना वाटायचं ते वाटून झालं," कमलाबाई म्हणाल्या. "मला काय वाटतं ते त्या वेळी कुणी विचारलं नाही. तुझ्या आजोबांनी घरातले देव टाकले तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्या दारात पाणी प्यायचा बंद झाला होता. म्हणायचा, बाटला. तू भाषणात माझी कडेवरची गोष्ट सांगतोस ना? ही पण सांगत जा."

संघपाल उठून बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "दिसतो कसा?"

"म्हातारा," कमलाबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी तिघंही कारनं गेले. संघपालनं गाडी दुकानापासून अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे लावली आणि उतरलाच नाही. काचेतून बघत राहिला. समाधान एका गिऱ्हाईकाला माळ कागदात गुंडाळून देत होता. लुंबिनी संघपालचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती. तो नाही म्हणेल. मग काय? त्या पांढऱ्या बुटांवाल्यासमोर मी उभी राहिले ते कुणासाठी?

"सांगता येत नाही," संघपाल म्हणाला. "लिली, मला खरंच सांगता येत नाही." फार कमी वेळा तो तिला त्या नावानं हाक मारायचा.

समाधाननंच त्यांना पाहिलं. रस्ता ओलांडून आला, गाडीशी थांबला. संघपालनं काच खाली केली, दार उघडलं नाही.

"जय भीम, संघा."

संघपाल म्हणाला, "बाबा गेले तेव्हा कुठं होता तुम्ही?" तू नाही म्हणाला, तुम्ही म्हणाला, जसं कुठल्याही अनोळखी माणसाला म्हणतात.

"स्मशानघाटाबाहेर. रस्त्यावर."

"कुणी पाहिलं नाही."

"गर्दी होती. निळे झेंडे होते. मी आत आलो असतो तर त्या दिवशी लोक बाबांना सोडून माझ्याकडे बघत बसले असते." तो थांबला. "फाटकाशी तुझ्या चपलेचा अंगठा तुटला. तू दुसरीही काढलीस आणि नालीत फेकलीस. खांदा न सोडता. तसाच अनवाणी गेलास आत."

मागच्या सीटवरून कमलाबाईंनी विचारलं, "चप्पल? हे मला कधी कुणी सांगितलं नाही."

घाटावर बायका गेल्या नव्हत्या. लुंबिनीला ते एकदम लक्षात आलं. संघपालनं हे तिलाही कधी सांगितलं नव्हतं. तो बहुधा स्वतःही विसरला होता. त्यानं स्टीअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. मग दार उघडून उतरला.

गळाभेट वगैरे झाली नाही. दोघं भाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहिले, समोरून उसाची ट्रॉली जाईपर्यंत थांबले आणि पलीकडे गेले. संघपाल चर्चमध्ये गेला नाही. समाधाननंही चल म्हटलं नाही. चौघं पत्र्याखाली जेवले, आणि जेवताना संघपालनं विचारलं की ते तिघं परत आले होते का. एकदा येऊन गेले, समाधान म्हणाला. नुसते उभे राहिले आणि गेले. संघपालनं तिथल्या तिथं दिल्लीतल्या एका वकील मित्राला फोन लावला, आणि त्याचा नंबर समाधानच्या मोबाइलमध्ये स्वतः घालून दिला.

परतताना कमलाबाई मागं झोपून गेल्या. मोदीनगर गेल्यावर संघपालनं विचारलं, "त्या दिवशी तू जेठ म्हणालीस, तेव्हा तुला खात्री होती?"

"नाही."

"मग?"

लुंबिनीनं विचार केला. "त्याच्याबद्दल नव्हती. त्या माणसांबद्दल होती."



समाधान अजून फरीदाबादला आलेला नाही. ये म्हणून संघपालनं एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. श्रावस्ती मात्र दोनदा सरधन्याला जाऊन आली आणि काकाच्या व्हॅनमधून अर्धं मेरठ फिरली. कमलाबाई शनिवारी जातात, आता सांगून जातात, आणि संध्याकाळी त्यांना यायला जरा उशीर झाला की लुंबिनी समाधानला फोन लावते. त्यानं उचलला आणि मागून बाजाराचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडतो. तरीही फोन ठेवण्याआधी ती दर वेळी विचारते, "समोर टपरीवर कोण बसलंय?"